संगणक खोलीचा खर्च आणि उसाचा पैसा



दर अंकात आम्ही आपल्याशी बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल, हुमणीबद्दल बोलतो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. तो आहे कारखान्याच्या संगणक खोलीचा. उसाच्या माणसाने संगणकात कशाला डोके घालावे, असे कोणी म्हणेल. पण आपली लागण नोंद, तोडणीचा कार्यक्रम, वजनाची पावती आणि ऊस बिल हे सर्व आज त्याच खोलीतून निघते. ती खोली थांबली की आमचे चिटबॉय गावात हात चोळत बसतात आणि आपल्या बंड्या व ट्रॅक्टर यार्डात उभे राहतात.

या खोलीतील यंत्रे आता जुनी झाली आहेत. ती बदलण्याचा विषय संचालक मंडळापुढे असून वार्षिक सभेत तो आपल्यापुढेही येईल. विदर्भात किती सहकारी कारखाने बंद पडले किंवा विकले गेले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. अशा मुलखात कारखाना चालवायचा तर खर्चाचा प्रत्येक रुपया तपासूनच टाकला पाहिजे. म्हणून सभेत हात वर करण्यापूर्वी विषय नीट समजावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

खोलीत आहे तरी काय?

अनेक टेबलांवरच्या संगणकांना माहिती पुरवणारा आणि सांभाळणारा जो मोठा संगणक असतो त्याला सर्व्हर म्हणतात. आपल्या खोलीत असे सात सर्व्हर आहेत. एकावर लागण नोंद व तोडणी कार्यक्रम, दुसऱ्यावर वजनकाटा, तिसऱ्यावर ऊस बिल, चौथ्यावर हिशेब, पाचव्यावर स्टोअर, सहाव्यावर हजेरी-पगार आणि सातव्यावर सभासदांचे भाग व मोबाईल संदेश. जसजशी गरज पडली तसतसे एकेक घेतले गेले. नवे काम आले की नवे यंत्र, अशी तेव्हा पद्धतच होती. एका कामात बिघाड झाला तर दुसरे काम अडू नये हा हेतू त्यामागे होता, आणि तो हेतू चुकीचा नव्हता.

अडचण अशी की असा एकाच कामाला जुंपलेला सर्व्हर सहसा आपल्या ताकदीचा पाचवा काय, दहावा हिस्साही धड वापरत नाही. वजनकाट्याचा सर्व्हर गाळप हंगामात राबतो आणि पुढे पावसाळाभर नुसता घरघरतो. बिलाचा सर्व्हर पंधरवड्यातून दोन-तीन दिवस घाम गाळतो. बाकी काळ वीज मात्र सर्वांना चोवीस तास लागते. पाच एकर वावरासाठी सात बैलजोड्या पाळाव्यात, वैरण सातांना घालावी आणि काम एका वेळी एकीनेच करावे, असा हा प्रकार आहे.

शिवाय सात यंत्रे असूनही आपण सुरक्षित आहोत असे नाही. मागे एका हंगामात भर रात्री काट्याच्या सर्व्हरची डिस्क गेली. बाकीचे सहा सर्व्हर शेजारी ठणठणीत उभे होते, पण त्यांचा उपयोग काय? काट्याचे काम त्यांना येत नव्हते. रात्रभर आम्ही वजने हाताने लिहिली. सकाळपर्यंत यार्डात रांग लागली. तोडलेला ऊस उन्हात थांबला की वजन घटते आणि साखरही उतरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्या हातच्या नोंदी जुळवता जुळवता पुढचे कितीतरी दिवस गेले आणि बिलाचे काम रेंगाळले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज लागू होते. म्हणजे संगणक खोलीतला खोळंबा शेवटी आपल्याच पैशावर येतो.

एक वावर, सात तुकडे

यावर उपाय आहे तो 'आभासी यंत्रा'चा. नाव अवघड वाटले तरी गोष्ट सोपी आहे.

एक मोठे, कसदार वावर घ्या. त्यात धुरे घालून सात तुकडे पाडा. एकात ऊस, एकात तूर, एकात भाजीपाला. प्रत्येक पिकाला वाटते की हे वावर आपलेच आहे. एकाचे पाणी दुसऱ्यात जात नाही, एकाचा रोग धुरा ओलांडू नये याची काळजी घेतलेली असते. पण विहीर एक, मोटर एक आणि राखणदारही एकच.

अगदी तसेच एका दणकट सर्व्हरच्या आत सात 'आभासी' सर्व्हर उभे करता येतात. काट्याचे सॉफ्टवेअर आपल्या तुकड्यात चालते, बिलाचे आपल्या तुकड्यात. त्यांना शेजाऱ्याचा पत्ताही नसतो. यंत्राची ताकद कोणाला किती द्यायची हे ठरवणारे एक सॉफ्टवेअर असते. त्याला हायपरव्हायजर म्हणतात. पेंचच्या कालव्यावर पाणीपाळी देणारा पाटकरी आपल्याला माहीत आहे. हायपरव्हायजर म्हणजे त्या खोलीतला पाटकरीच समजा. हंगामात काट्याला जास्त, पंधरवडा संपला की बिलाला जास्त, आणि ज्याला गरज नाही त्याची पाळी दुसऱ्याला.

याचा आणखी एक मोठा फायदा आहे. आभासी यंत्र म्हणजे शेवटी डिस्कवरच्या काही फाइली. त्या उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेल्या की तेच यंत्र तिथे चालू होते. काट्याच्या सर्व्हरची डिस्क गेली त्या रात्री ही सोय असती तर काटा शेजारच्या यंत्रावर थोड्या वेळात पुन्हा चालू झाला असता.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने १९६० च्या दशकातच मोठ्या संगणकाचे असे भाग पाडून दाखवले आणि १९७२ मध्ये 'व्ही.एम./३७०' या नावाने ते बाजारात आणले. तेव्हा संगणक इतका महाग असे की एकाच यंत्रावर अनेकांनी काम करणे भागच होते. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि प्रत्येक कामाला वेगळे यंत्र घेण्याची सवय लागली. त्या सवयीचा खर्च आता आपण भरत आहोत.

विजेचा हिशेब

बोलणे मोघम नको म्हणून एक हिशेब उदाहरणादाखल मांडतो. एक सर्व्हर सरासरी ३०० वॅट वीज घेतो असे धरू. दिवसाला ७.२ युनिट, वर्षाला २,६२८ युनिट. सात सर्व्हरचे झाले १८,३९६ युनिट. त्याऐवजी प्रत्येकी ५०० वॅटचे दोन दणकट सर्व्हर चालवले तर वर्षाला ८,७६० युनिट लागतात. वाचले ९,६३६ युनिट.

एवढ्याने भागत नाही. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत पसरते आणि ती बाहेर काढायला एअर कंडिशनरला पुन्हा वीज लागते. दर युनिटमागे एक तृतीयांश युनिट जरी धरले तरी आणखी ३,२१२ युनिट वाचतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा हे प्रमाण याहून वाईट असते. म्हणजे बेरीज बारा हजार युनिटच्या वर गेली. हंगामात आपली वीज बगॅसवर होते हे खरे, पण उन्हाळा-पावसाळ्यात ती बिल भरूनच घ्यावी लागते.

विजेपेक्षाही मोठी बचत आहे ती खरेदीची. सातऐवजी दोन यंत्रे घ्यायची, सातऐवजी दोनांच्याच दुरुस्तीचा करार करायचा आणि यू.पी.एस.च्या बॅटऱ्याही तेवढ्या कमी लागायच्या.

बेणे आणि संकरित बियाणे

आता हा पाटकरी, म्हणजे हायपरव्हायजर, आणायचा कुठून? तो विकतही मिळतो आणि 'मुक्तस्रोत'ही मिळतो. हा फरक शेतकऱ्याइतका चांगला कोणालाच समजणार नाही.

संकरित कापसाचे बियाणे दरवर्षी दुकानातून घ्यावे लागते. उसाचे तसे नाही. को ८६०३२ हे वाण कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने तयार केले, पण एकदा शुद्ध बेणे आपल्या वावरात आले की आपण ते वाढवतो, पुढच्या लागणीला वापरतो, सोयऱ्या-धायऱ्याला देतो. कोणी अडवत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर हे असे बेणे आहे. ते वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक त्याच्या परवान्यातच लिहिलेली असते.

विकतच्या वाटेवर काय घडू शकते याचे उदाहरण ताजे आहे. व्हीएमवेअर ही अमेरिकन कंपनी या क्षेत्रात सर्वांत मोठी मानली जात होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये एकदाच पैसे भरून मिळणारे कायमचे परवाने विकणे बंद केले. पुढे जे काही घ्यायचे ते मुदतीच्या वर्गणीवर. जगभर अनेक ग्राहकांची बिले वाढली. त्यात बेकायदेशीर काही नाही. माल त्यांचा, भाव त्यांचा. पण ज्याच्या खोलीचा सगळा कारभार त्या एका कळीवर फिरत होता त्याला 'नको' म्हणण्याची सोय राहिली नाही.

"फुकटात भेटलेल्या वस्तूचा भरोसा कसा धरावा जी?" असा प्रश्न गावोगावी येईल हे आम्ही जाणतो. प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर असे. लिनक्स ही मुक्तस्रोत संगणक प्रणाली १९९१ पासून वाढत आली आहे. तिच्यातच २००७ पासून के.व्ही.एम. नावाचा हायपरव्हायजर समाविष्ट आहे. गुगल कंपनी आपली जी यंत्रे जगाला भाड्याने देते त्यांच्या मुळाशी हाच के.व्ही.एम. आहे. के.व्ही.एम. सोयीने हाताळता यावा म्हणून व्हिएन्ना शहरातील एका कंपनीने २००८ मध्ये 'प्रॉक्समॉक्स' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर काढले. ते वापरायला पैसे पडत नाहीत. कंपनीची मदत हवी असेल तर तेवढ्याचीच वार्षिक वर्गणी भरायची असते. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. त्या आधारची एवढी प्रचंड यंत्रणाही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि बाजारात सहज मिळणारी साधी सर्व्हर-यंत्रे यांवर उभारलेली आहे. तेव्हा 'फुकट म्हणजे कमअस्सल' हा समज येथे लागू पडत नाही.

वारणेचा धडा

यंत्रे घेण्याआधी काम मोजावे, हा धडा आपल्याच साखर क्षेत्रात एकदा मिळालेला आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणानगरच्या परिसरात १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी, केंद्र सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या साहाय्याने, गावोगावी संगणक केंद्रे आली. ऊस उत्पादकाला नोंदीची, तोडणीची, वजनाची माहिती गावातच मिळू लागली. त्या काळी ही फार मोठी झेप होती आणि तिचे कौतुक झाले ते रास्तच होते.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी या केंद्रांवर प्रत्यक्षात कोणती कामे होतात हे पाहिले. कामे मोजकीच होती. ती साध्या मोबाईल संदेशावरही होऊ शकतील असे त्यांना वाटले. म्हणून सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाऐवजी मोबाईल वापरून पाहिला. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांनाही अधिक आवडला.

वारणेचे काम आभासी यंत्रांचे नव्हते. पण प्रश्न तोच होता. यंत्र किती आहेत हे न पाहता काम किती आहे ते पाहा, आणि कामापुरतेच यंत्र ठेवा.

फुकट म्हणजे बिनखर्ची नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नाहीतर उद्या आपण आम्हालाच धराल. बेणे सोयऱ्याने फुकट दिले तरी बेणेप्रक्रिया, खत, पाणी, निंदण यांचा खर्च चुकत नाही. येथेही तसेच आहे.

पहिले, सातचे एक करण्याचा मोह टाळावा. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली आणि टोपली पडली तर काटा, बिल, पगार सगळेच एकदम थांबेल. म्हणून सारखे दोन सर्व्हर हवेत, आणि प्रत्येक सर्व्हर एकट्याने सातही कामे ओढील एवढा दमदार हवा. शिवाय या दोघांचा परस्पर संपर्क तुटला तर खरा कारभारी कोण हे ठरवायला तिसरा एक लहानसा साक्षीदार संगणक लागतो. दोघा भावांच्या वाटणीत तिसरा पंच असावा, तसेच हे.

दुसरे, एका सर्व्हरवरच्या माहितीची नक्कल दर काही मिनिटांनी दुसऱ्यावर जात राहते. पहिला अचानक गेला तर शेवटच्या काही मिनिटांच्या नोंदी राहू शकतात. म्हणून काट्यावरची कागदी पावती बंद करायची नाही. त्या पावतीवरून राहिलेल्या नोंदी भरून घेता येतात.

तिसरे, नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून नोंदी पुसल्या तर नकलेतूनही त्या पुसल्या जातील. म्हणून रोजचा वेगळा बॅकअप, तोही दुसऱ्या इमारतीत, आणि एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर ठेवावी लागेल. आग, वीज, पूर यांना भिंत दिसत नाही.

चौथे, काही परवान्यांचे पैसे लागतच राहतील. आभासी यंत्रात विंडोज चालवायचे तर विंडोजचा परवाना हवाच. काही डेटाबेसचे परवाने यंत्राच्या ताकदीवर मोजले जातात. ते आधी तपासून घेतले नाहीत तर बचत उलटी व्हायची. ऊस बिलाचे सॉफ्टवेअर ज्यांनी दिले त्यांच्याकडून 'आभासी यंत्रावर चालवल्यास आम्ही मदत देऊ' असे लेखी घ्यावे.

पाचवे, सगळेच आत ओढायचे नाही. वजनकाट्याच्या खोलीत काट्याला तारेने जोडलेला संगणक जागेवरच राहील. त्याच्या मागचा सर्व्हर तेवढा आभासी होईल. बॉयलर आणि गिरण यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा पूर्ण वेगळीच ठेवावी.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसे. मुक्तस्रोत वस्तूला जाणकार हात लागतात. ते एकाच माणसाच्या डोक्यात राहून चालत नाही. निदान दोघांना शिकवून तयार केले पाहिजे आणि प्रत्येक कृती वहीत लिहून ठेवली पाहिजे. मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प लिनक्ससारखे विषय मराठीतूनही शिकवतो. आपल्या गावच्या शिकलेल्या मुलामुलींना हे काम जमण्यासारखे आहे. परवान्याचा पैसा परदेशी जाण्यापेक्षा त्यातला काही भाग त्यांच्या शिक्षणावर खर्च झाला तर तो कारखान्यातच राहील.

काम कोणत्या क्रमाने करावे

शेतीत वेळ साधावी लागते, येथेही साधावी. हंगाम चालू असताना या खोलीला हात लावायचा नाही. गाळप संपले की आधी महिनाभर सातही सर्व्हरचा वापर मोजून लिहून काढावा. ऊस बिलाचा जोर हंगामातच असतो, म्हणून त्या कामाच्या हंगामातील नोंदीही पाहाव्यात. मग हजेरी-पगारासारखे कमी जोखमीचे काम नव्या यंत्रावर न्यावे. ते महिनाभर बिनतक्रार चालले की स्टोअर, मग हिशेब, मग सभासद भाग, नंतर लागण नोंद व बिल, आणि सर्वांत शेवटी काटा. जुने यंत्र लगेच भंगारात काढू नये. नवे काम रुळेपर्यंत ते बाजूला तयार ठेवावे.

पोळ्याच्या सुमारास एक परीक्षा घ्यावी. एका सर्व्हरची वीज मुद्दाम बंद करावी आणि दुसरा किती वेळात भार उचलतो ते घड्याळ लावून पाहावे. बॅकअपमधून मागच्या हंगामातील एखाद्या गावाची बिले परत काढून पाहावीत. बॅकअप घेतला असे सांगणे वेगळे आणि तो परत उभा करून दाखवणे वेगळे. बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वी ही परीक्षा पास झाली नाही, तर तो हंगाम जुन्या यंत्रांवरच काढावा. घाई करून काटा बंद पाडण्यापेक्षा एक वर्ष थांबणे परवडेल.

सभेत काय विचारावे?

वार्षिक सभेत हा विषय निघाला की आपण चार प्रश्न जरूर विचारावेत. आजच्या यंत्रांचा प्रत्यक्ष वापर मोजला काय? विकतच्या आणि मुक्तस्रोत अशा दोन्ही वाटांचा पाच वर्षांचा खर्च शेजारी शेजारी मांडला काय? काटा बंद पडल्यास किती मिनिटांत चालू होईल, आणि ते करून पाहिले काय? आणि आपल्या नोंदी उद्या दुसरीकडे न्यायच्या झाल्या तर कोणाच्या परवानगीशिवाय नेता येतील काय?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. लागणीची तारीख, उसाचे वजन, भागाची रक्कम या नोंदी आपल्या आहेत. सहकारात कारखाना सभासदांचा असतो, तशी त्याची वहीही सभासदांचीच असली पाहिजे. त्या वहीच्या कुलपाची किल्ली आपल्याच कमरेला असावी.

शेतकी खात्याकडून आम्ही एवढेच सुचवतो की बचत होईल त्यातून आधी दुसरा सर्व्हर, बॅकअप आणि शिक्षण यांची तरतूद करावी, आणि उरेल ती खरी बचत समजावी. शंका असल्यास आपल्या गट कार्यालयात लिहून द्याव्यात. पुढील अंकात आम्ही त्यांची उत्तरे देऊ, आणि खोडव्याच्या पाचट व्यवस्थापनाकडे परत वळू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते